वन्सं, मी वाणगावला सांगून आले

वन्सं, काल मी वाणगावला जाऊन आले. एकटी गेले. तुम्ही असतात तर दारात पाय पसरून बसला असतात आणि म्हणाला असतात, "जा, मला ओलांडून जा." आता ओलांडायला कोणी नाही म्हणून मला जाता आलं, असं म्हणायला जीभ वळत नाही.

कशाला गेले ते तुम्हाला सांगायला नको. माझ्या कल्पूचं स्थळ तुम्हीच आणलंत. आपल्या भाचीसाठी मुलगा तुम्हीच हेरलात, त्याच्या आईशी गोड बोलून तुम्हीच गोष्ट पुढे नेलीत. त्या घरात जाऊन मी तुमचं दुखणं काय होतं ते सांगितलं आणि कल्पूचंही सांगितलं. जे तुम्ही मला करू देत नव्हतात तेच केलं. पुढे काय झालं ते लिहिते, पण एका जागी बसून लिहिता येत नाही. दोन ओळी झाल्या की उठते, धुतलेलं भांडं पुन्हा विसळते, परत येते. तुमचं बारावं झाल्यापासून माझे हात असे झाले आहेत. चौथीनंतर एवढं लिहिलंही नव्हतं कधी. तोंडाने बोलायचं तर तुमच्यासमोर मला कधी जमलंच नाही.

मी या घरात आले त्याच आठवड्यात मामंजींचा घोळणा फुटला होता. जेवता जेवता नाकातलं रक्त ताटात पडलं. मी घाबरून उभीच राहिले. तुम्ही माहेरपणाला आला होतात. तुम्ही मुठीने कांदा फोडून त्यांच्या नाकाशी धरलात आणि मला म्हणालात, "बस गं वयनी, जेव. ज्याचा घोळणा फुटत नाय तो आमच्या घरातला नाय." सगळे हसले. तुमचाही फुटायचा, यांचाही अधूनमधून. उष्णतेचं घराणं, असं गावात म्हणायचे. भर उन्हात किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणारी माणसं, त्यांना उष्णता नाही तर काय होणार, असं मलाही वाटलं. कल्पूचा पहिल्यांदा फुटला तेव्हा तुम्हाला केवढा आनंद झाला होता. "बघ, आमचीच हाय."

तेव्हा तुम्ही सासरहून कायमच्या परत आला होतात. खोकल्यातून रक्त पडलं होतं. छातीच्या फोटोत डाग दिसला, टीबी म्हणाले. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, डाग तिथेच. पुन्हा गोळ्या. तुमच्या सासूने आधी ताट वेगळं केलं, मग अंथरूण वेगळं केलं, मग तुमची ट्रंक बाहेर आणून ठेवली. आम्ही तोवर समुद्रावरचं घर सोडून सरावलीला खोली घेतली होती, यांना कंपनीत काम लागलं होतं. तुम्ही आलात त्या दुपारी मी दार उघडलं तर तुमच्या हातात ट्रंक आणि बगलेत थाळी. "ही माझी," म्हणालात. "हिच्यात दुसऱ्याला वाढू नको. आणि पोरीला माझ्याजवळ येऊ देऊ नको." संध्याकाळपर्यंत कल्पू तुमच्या मांडीवर होती, आणि तिला तिथून उठवायचं धैर्य ना तुम्हाला झालं ना मला.

मग तुम्ही ठेकेदाराकडून रंगाच्या कंपनीत पॅकिंगला लागलात. आपल्या आळीत कोण कुठल्या खात्यात आहे ते हातांवरून कळायचं. कोणाचे हात पिवळे, कोणाचे लाल, बनियन वाळत घातली तरी घामाचे रंगीत डाग. तुमच्या वाट्याला निळा आला. कल्पू तुम्हाला निळी आत्या म्हणायची. म्हणून तुमचे ओठ निळसर दिसायला लागले तेव्हा आम्ही म्हटलं, पदराने तोंड पुसता, रंग लागतो. नखं फुगून पोपटाच्या चोचीसारखी वाकली, आम्ही म्हटलं, रसायनाने वाकली. एकदा कंपनी बरेच दिवस बंद होती. तुमच्या तळहातांचा रंग उतरला, नखांचा उतरला नाही. "नखात मुरलाय," तुम्ही म्हणालात. शेजारणींनी आपापली नखं पुढे करून दाखवली. मुरलेला रंग सरावलीत सगळ्यांनीच बघितलेला होता. दुसऱ्या कुठल्या गावात असतो तर कोणीतरी तुम्हाला आधीच विचारलं असतं, बाई, निळी का पडलीस.

उठून दारापर्यंत जाऊन आले. कोणी नाही.

आणि तुमचं ते आडवं होणं. दुसऱ्याला दम लागला की तो उठून बसतो. माझी आई दम्याने उशा रचून बसायची. तुमचं उलटं. उभं राहिलं की दम, बसलं की दम, जमिनीला पाठ टेकली की चेहरा मोकळा. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही पोत्यांमागे आडव्या व्हायचात आणि सुपरवायझर ओरडायचा, "ए मौसी, फिर सो गई? कंपनी है या धरमशाला?" हे तुम्हीच त्याची नक्कल करून सांगायचात. मग हे चिडवायचे, "बाय, तू मच्छी असतीस तर वाळत घालायची पण गरज नव्हती, आपली आपण पसरली असतीस." तुम्ही पडल्या पडल्या वाटी फेकून मारायचात. हसता हसता तुम्हाला खोकला यायचा आणि मग हे पाण्याचा तांब्या पुढे करायचे.

कंपनीत चक्कर येऊन पडलात तेव्हा मी तुम्हाला शटल गाडीने पालघरला नेलं. तिथे एक नवीन डॉक्टर आले होते. तुम्ही खुर्चीवर बसायच्या आधीच सांगून टाकलंत, "साहेब, मला टीबी हाय, जुना हाय." त्यांनी तुमचा हात हातात घेतला आणि नखांकडे बघत राहिले.

"हा रंग कधीपासून?"

"कंपनीचा हाय. जात नाय."

त्यांनी तुम्हाला साबणाने हात धुवायला लावले. मग स्पिरिटचा बोळा स्वतः नखांवरून घासला. बोळा पांढराच राहिला. जीभ काढायला सांगितली. जिभेवर, ओठांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. ते आम्ही रोज बघत होतो. तुम्हाला आडवं केलं, पुन्हा बसवलं, दोन्ही वेळा नखं बघितली, श्वास बघितला. मग पाठीला खाली नळी लावून म्हणाले, श्वास रोखा. बराच वेळ ऐकत राहिले.

"घरात कोणाच्या नाकातून रक्त येतं?"

तुम्ही हसलात. "कोणाच्या येत नाय ते विचारा, लवकर होईल."

ते हसले नाहीत. म्हणाले, तुम्हाला टीबी नाही. बहुतेक कधी नव्हताच. फोटोतला डाग म्हणजे शिरांचा गुंता आहे. खात्री मुंबईला होईल.

मला वाटलं होतं तुम्हाला आनंद होईल. तुम्ही तशाच स्टेशनवर आलात. बाकड्यावर आडव्या झालात, डोक्याखाली माझी पिशवी घेतलीत, आणि वर पत्र्याकडे बघत म्हणालात, "वयनी, टीबी नव्हता तर माझा संसार कशाने गेला?" मी तुमच्या पायांवर पदर सारखा करत राहिले. गाडी आली तेव्हा तुम्हीच मला उठवलंत.

मुंबईच्या डॉक्टरांनी समजावलं ते तुम्हाला माझ्याआधी कळलं. ते म्हणाले, शरीरातून आलेलं रक्त फुफ्फुसात अगदी बारीक शिरांच्या जाळ्यातून गाळून जातं, तिथे त्याला हवा लागते. तुमच्या फुफ्फुसात जन्मापासून काही ठिकाणी जाळंच नाही, मोठी शीर सरळ मोठ्या शिरेला जोडली आहे. रक्त हवा न लागताच पुढे पळतं, म्हणून निळेपणा, म्हणून दम. उठून बसलं की रक्त खालच्या भागात उतरतं आणि नेमक्या त्याच वाटेने जास्त जातं, म्हणून आडवं झालं की बरं. आणि जाळ्यात जी घाण अडकायची, ती न अडकता थेट मेंदूत जाऊ शकते.

"म्हणजे जालं फाटलंय," तुम्ही म्हणालात.

"हो, तसंच समजा."

"मग शिवा की."

शिवायचं नव्हतं, बुजवायचं होतं. मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर फुफ्फुसापर्यंत नेली आणि त्या वाकड्या वाटेत तारेची बारीक गुंडाळी सोडली. तार तिथे बसली की रक्त तिच्याभोवती गोठतं आणि वाट बंद होते. छाती उघडली नाही, टाका नाही. तुम्ही जाग्या होतात, पडद्यावर स्वतःचंच फुफ्फुस बघत होतात. बाहेर आलात आणि मला पहिलं वाक्य काय बोललात, तर, "डॉक्टर तांडेलासारखा हाय गं. होडी कुठं घालायची ते बरोबर जाणतो."

नखं गुलाबी झाली. पुरती नाही, पण झाली. तुम्ही सरावलीच्या बाजारात चालत गेलात आणि चालत आलात, मध्ये न बसता. प्रत्येक दारात थांबून सांगत होतात, टीबी नाय, शीर हाय शीर. मी तुमची थाळी मुद्दाम आमच्या थाळ्यांत मिसळून ठेवली. तुम्ही ती ओळखून पुन्हा बाजूला काढलीत. "राहू दे. सवय झाली." पण त्या दिवसापासून कल्पूचं उष्टं तुम्ही खायला लागलात. ते मी बघितलं होतं. बोलले नाही, बोलले असते तर तुम्ही थांबला असतात.

डॉक्टरांनी निघताना तीन गोष्टी सांगितल्या होत्या. डाव्या बाजूला अजून वाटा आहेत, त्या बुजवायला परत या. दात काढायचा असेल, काही चिरायचं असेल तर तिथल्या डॉक्टरला हे सांगा आणि आधी औषध घ्या. आणि घरात ज्यांच्या नाकातून रक्त येतं त्यांचे छातीचे फोटो काढा. मुलगी असेल तर लग्नाआधी, कारण पोटात मूल असताना या शिरा फुगतात, फुटू शकतात.

हे तपासून आले, यांच्या छातीत काही निघालं नाही. राहिली कल्पू. आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं. भांडण म्हणजे तुम्ही बोलायचात, मी पोळ्या लाटायचे.

"फोटोत डाग निघाला तर काय करशील?"

"बुजवू. तुमचा बुजवला तसा."

"आणि वाणगाववाल्यांना कळलं तर?"

"सांगू."

"काय सांगशील? शीर? लोकांना शीर कळत नाय वयनी, लोकांना डाग कळतो. मला विचार. आधी लगीन होऊ दे. पोर त्यांची झाली की मग दाखव. मग टाकता येत नाय त्यांना."

"तुम्हाला टाकलंच ना," हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं, आणि ते गिळलं हे बरंच केलं. पण तुम्हाला कळलं. तुम्ही आडव्या झालात आणि भिंतीकडे तोंड केलंत.

मग तुम्ही तुमचं मुंबईला जाणंही पुढे ढकललंत. लग्नघरातली बाई इस्पितळात जाते, चौकशी होते, म्हणालात. कल्पूचं लगीन झालं की जाऊ. तुमच्या छातीत उरलेल्या वाटा उघड्याच राहिल्या.

दाढ दुखायला लागली ती त्याच दिवसांत. मी नळावर होते, तेवढ्यात तुम्ही एकट्याच बोईसरला जाऊन काढून आलात. तोंडात कापसाचा बोळा, गाल सुजलेला. मी विचारलं, डॉक्टरला छातीचं सांगितलंत का? तुम्ही मान हलवलीत, नाही. का? तुम्ही बोटाने हवेत मिशी काढून दाखवलीत, मग वाणगावच्या दिशेने हात केलात. मला कळलं. तिथला मिशीवाला कंपाउंडर म्हणजे नवऱ्यामुलाचा मावसभाऊ.

त्या दिवशी मी बोलले, वन्सं. आयुष्यात तुमच्यासमोर एकदाच एवढं बोलले. जिवापेक्षा स्थळ मोठं झालं का, म्हटलं. ज्या लोकांपासून तुमचं दुखणं लपवावं लागतं त्या लोकांत माझी मुलगी का द्यायची, म्हटलं. तिला तिथे दम लागला तर तिनेही पोत्यांमागेच झोपायचं का, म्हटलं. आवाज शेजारी गेला असेल. कल्पू दारात उभी राहून ऐकत होती. आणि तुम्ही, ज्यांनी आजवर मला एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं, तुम्ही तोंडात बोळा धरून माझ्याकडे बघत बसलात. शेवटी दोन बोटं हलवलीत. उद्या. उद्या सांगते.

मी तुम्हाला लगेच पालघरला घेऊन गेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण म्हणाले, आधी द्यायला हव्या होत्या, लक्ष ठेवा. बोळा काढल्यावर तुम्ही दुसरंच बोलायला लागलात. मुलाच्या आईला कुठलं लुगडं द्यायचं. डोकं दुखतं म्हणालात ते दाढेचं वाटलं. मग ताप आला. मग सकाळी चहाची बशी तुमच्या उजव्या हातातून पडली आणि तुम्ही तिच्याकडे अशा बघत राहिलात की जणू दुसऱ्या कोणी पाडली. मुंबईला पोहोचेपर्यंत शब्द वाकडे झाले होते. मेंदूत पू झाला होता. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. मी तुमच्या उशाशी होते. तुम्ही काही सांगू बघत होतात. ते माझ्या बोलण्याचं उत्तर होतं की लुगड्याचं, मला कधीच कळणार नाही. म्हणून मला एका जागी बसवत नाही. कधी वाटतं तुम्ही म्हणत होतात, ने तिला. कधी वाटतं म्हणत होतात, थांब.

पाणी आलं होतं, भरून आले.

बाराव्यानंतर मी कल्पूला पालघरला नेलं. तिने वाटेत एकदा विचारलं, "आत्याने जाऊ दिलं असतं?" मी म्हटलं, नाही. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. उजव्या बाजूला खाली एक डाग होता, बोराएवढा. ते म्हणाले, एकच दिसतो, मुंबईला तार बसवून घ्या, मग लग्न करा, मुलं होऊ द्या, काही अडत नाही. वन्सं, एकच. तुमच्यात जे शोधायला सगळी वर्षं गेली ते तिच्यात पहिल्या फोटोत दिसलं, कारण कुठे बघायचं ते तुमच्यामुळे माहीत होतं. मी रडले नाही. कल्पूच रडली, आणि मग माझ्याशी बोलायची थांबली, कारण मी म्हटलं, आता वाणगावला सांगायचं. हे म्हणाले, मी येतो. मी म्हटलं, नको, हे बायकांचं आहे.

मुलाच्या आईने पाट दिला, चहा दिला. मी सगळं सांगितलं. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता इतका बारीक होता, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शिरा, जाळं, तार, सगळं. तिने ऐकून घेतलं. वाईट बाई नाही ती. तुमची आठवण काढून डोळे पुसले. मग म्हणाली, "तुमी एवढं कशाला सांगत बसलात? लगीन झाल्यावर कळलं असतं तर आमी काय केलं असतं?"

मी म्हटलं, "आणि बाळंतपणात कळलं असतं तर?"

ती बशीतला चहा फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या घरात माणूस गेलंय. वरीस तर पाळायलाच पायजे. तवर आमचा पोरगा काय थांबायचा नाय, ताई."

किती सभ्यपणे म्हणाली. वर्ष पाळायचं आहे हे तिलाही ठाऊक, मलाही ठाऊक, आणि नकार त्यासाठी नाही हेही दोघींना ठाऊक. मी नमस्कार करून उठले. तिने मला कुंकू लावलं आणि फाटकापर्यंत सोडायला आली.

तर स्थळ गेलं, वन्सं. तुम्ही म्हणत होतात तसंच झालं. लोकांना डाग कळतो. तुमचं खरं ठरलं आणि माझंही खरं ठरलं, आणि दोन्ही खऱ्यांच्या मध्ये मी या खोलीत येरझाऱ्या घालते आहे. मला तुमचा राग येतो. कापूस तोंडात धरून माझ्याकडे बघणाऱ्या तुमचा फार राग येतो. पोरीसाठी स्वतःच्या छातीतल्या वाटा उघड्या ठेवल्यात, आणि तिच्यासाठी मी तुमचंच जुळवलेलं मोडून आले. दोघींनी एकाच पोरीचं केलं. तुम्ही असतात तर महिनाभर माझ्याशी बोलला नसतात. मला ते चाललं असतं.

कल्पू काल दिवसभर बोलली नाही, जेवलीही नाही. आज सकाळी माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि विचारलं, "मुंबईला कपडे कुठले घेऊ?"

मी म्हटलं, पुढून बटणं असलेले घे. तिथे सारखं तपासतात. वन्सं, तुमच्या वेळी ते आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं.